झरीच्या पाड्यावरचा अंतरपाट

हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही. आणि ऐकून झाल्यावर समजूत घालायला येऊ नका – मला ती नको आहे.

डहाणूत मला ओळखतात ते थोर बायांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिणारी म्हणून. राण्या लिहून झाल्या, संतिणी झाल्या. मग २०१४ साली वाटलं, आपल्या मातीतली एक तरी नको का? म्हणून तलासरीकडे, झरीला गेले. तिथे वनशी नावाची वारली बाई होऊन गेली. सावकाराची माणसं पाड्यातल्या बायकांना वेठीला – फुकट राबायला – हाकून न्यायला आली, तेव्हा ती एकटी वाट अडवून उभी राहिली. त्यांची छडी तिनं मोडून टाकली.

तिची मुलगी जानी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र धारदार. तिनं लुगडं वर करून मला पोटरी दाखवली. ती छडी वनशीला लागलीच नव्हती – तिच्या कडेवरच्या तीन वर्षांच्या जानीला लागली होती. पोर कळवळलं, तशी वनशीनं छडी हिसकावली. वण अजून होता.

मग जानी हसून म्हणाली, "त्याच्या दोन वर्सांनी आयेचं लगीन झालं. मी नाचली ना त्यात!"

दचकलात? मीही दचकले. वारल्यांत जोडपं आधी संसार मांडतं, चार दाणे जमले की लग्न लागतं. पोरं आईबापाच्या लग्नात जेवतात, नाचतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. यात लपवण्यासारखं काय होतं? जानीला कसलीच लाज नव्हती. लाज वाटली मला!

घरी येऊन मी काय केलं – वनशीचं आधी लग्न लावून टाकलं. भटजी आणला, अंतरपाट धरला, मंगलाष्टका म्हटल्या. झरीच्या पाड्यावर! आणि मग तिला नवी नवरी म्हणून सावकाराच्या माणसांपुढे उभी केली. आता नव्या नवरीच्या कडेवर पोर कुठून येणार? जानी गेली. छडी वनशीच्या खांद्यावर पडली.

प्रकाशकानं सांगितलं असेल, शाळांनी नाक मुरडलं असेल – असं म्हणाल. अहो, कुणी चकार शब्द काढला नव्हता. हात माझा, पेन माझं.

पुस्तक घेऊन झरीला गेले, तेव्हा जानीच्या नातीनं, सुनीतानं, ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जानी शेवटपर्यंत कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, यात मी कुठं हाय?"

"छापखान्यात एक पान राहिलं, आजी. पुढच्या खेपेला येईल." इतक्या सहज बोलले मी! जानीनं विश्वास ठेवला. भेटेल त्याला सांगत सुटली – माझं पान यायचंय.

दुसरी आवृत्ती २०१८ला निघाली. मुखपृष्ठ बदललं, माझा फोटो मोठा झाला. आणि ते पान? लिहायलाच घेतलं नाही. पहिल्या आवृत्तीसाठी शाल-श्रीफळ घेतलं होतं, आता कोणत्या तोंडानं सांगणार की मी खोटं लिहिलं? जन्मभर दुसऱ्यांच्या धाडसाच्या गोष्टी लिहिल्या, आणि स्वतः अशी भित्री.

तरी ते पुस्तक द्यायला गेलेच – कोडगेपणा पाहा. जानीला आता काहीच दिसत नव्हतं. "माझं पान आलं का गं?" तिनं विचारलं. मला नाही, सुनीताला.

सुनीतानं पुस्तक पहिल्यापासून चाळलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुस्तक डोळ्यांसमोर धरून वाचू लागली – "वनशीच्या कडेवर तिची जानी होती. छडी जानीच्या पोटरीवर बसली..." कुठेही अडखळली नाही. लग्न वाचलं, धवलेरीची गाणी वाचली, आईच्या लग्नात नाचणारी पाच वर्षांची पोर वाचली. जानी पोटरी चोळत मान हलवत होती.

सुनीतापुढे उघडं होतं ते शेवटचं पान. माझ्या फोटोचं.

मी कोरा चहा संपवला आणि एसटी चुकेल म्हणून उठले. एसटीला अजून तासभर होता.