अडतिसाव्या मिनिटाचं पाणी

मावशींच्या हातात रिमोट असला की पडद्यावरच्या राजालासुद्धा मरायची सोय नव्हती.

तशा त्या स्वभावाने गरीब. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला चिकटलेली हातभर गॅलरी, एवढं घर; पुढच्या खोलीत पाळणाघर. पोरं चारच, पण कालवा चाळीस जणांचा. दर शनिवारी दुपारची झोप झाली की सिनेमा, आणि सिनेमाच्या बाबतीत मावशींचा कायदा कडक. शुक्रवारी पोरं झोपली की आवाज बंद करून तो सिनेमा त्या आधी स्वतः बघायच्या. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. वहीत नोंदी अशा: 'एकविसावं मिनिट, बाप घर सोडतो, चार मिनिटं.' 'चौपन्नावं, नको इतके जवळ येतात, दीड मिनिट.' 'अडतिसावं, जातो.' कोण जातो ते लिहिलेलं नसायचं. पेन्सिलचं टोक मात्र तिथे जरा जास्त रुतलेलं असायचं.

शनिवारी ते मिनिट तोंडावर आलं की मावशी गुडघ्यावर हात टेकून उठायच्या. "चला, पाणी प्यायला."

पोरं रांगेने स्वयंपाकघरात. प्रत्येकाचा रंगीत पेला ठरलेला. तोवर मावशी इकडे नको तेवढं पुढे पळवून मोकळ्या. पोरं परत येऊन बसायची तेव्हा बाप घर सोडून गेलेला असायचा, आई देवाघरी पोहोचलेली असायची, आणि कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. मावशींना वाटायचं, काय बाई कसब आपल्या हातात.

कसब होतंच. त्याआधी बावीस वर्षं त्या एका थिएटरच्या तिकीट खिडकीत बसत. त्यांचे यजमान वरती मशीनच्या खोलीत. खिडकी सोडून आत जायची परवानगी नाही, त्यामुळे सिनेमा मावशींनी कधी पूर्ण बघितला नाही, भिंतीतून ऐकला. कुठे हसतात, कुठे नाकं शिंकरतात, सगळं पाठ. शेवट काय झाला ते रात्री जेवताना यजमान सांगायचे. पुढे थिएटर बंद पडलं. यजमानही गेले. शेवट सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मावशींनी पोरं सांभाळायला घेतली.

आता पोरांचं म्हणाल, तर मधला तुकडा गायब झाला म्हणून त्यांचं काही अडत नव्हतं. ती स्वतः भर घालायची. त्यात पुढारी होता वकील, वय वर्षं पाच. एकही वाक्य 'पण का' शिवाय संपवत नसे म्हणून हे नाव. एका सिनेमात बापाची नोकरी सुटते आणि तो दिवसभर खिडकीत बसून राहतो. वकिलाने निकाल दिला, "त्याच्या बाबांना मोठी सुट्टी लागलीये. मज्जा." दुसऱ्या एकात आईबाप भांडून वेगळ्या घरात राहतात. तेव्हा एरवी सिनेमाभर घोरणाऱ्या जुळ्या बहिणींपैकी एक जागी होऊन म्हणाली, "त्यांची खेळणी एका घरात मावत नव्हती." आणि पाणी पिऊन येईपर्यंत नायक-नायिकेचं लग्न लागून गेलेलं बघून सगळ्यांनी एकमताने ठरवलं की लग्न हे फार पटकन होतं. मावशी हे सगळं तिखटमीठ लावून जिन्यात सांगायच्या, आणि जिना पोट धरून हसायचा.

चौथी होती बटण. साडेचार वर्षांची, गोल तोंडाची, बोलणं मोजकं. तिची आई औषधांच्या दुकानात कामाला, म्हणून तिला आणायचे-न्यायचे ते आजोबा. आजोबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. रोज दारात उभं राहून ते मावशींच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

"मावशी, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"असू दे. मला कुठे गाडी पकडायचीये?"

"मागे पडलेलं घड्याळ आणि पुढे पळवलेला सिनेमा. एकूण हिशेब जुळतो म्हणा तुमचा."

"जा आता. मोठे आले शहाणे."

असं वर्षभर चाललं. मग एका सोमवारी बटणला आई घेऊन आली. मंगळवारीही आईच. मावशींनी भुवई उचलली, तशी आईने मुलीच्या डोक्यावरून खूण केली, आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबा फिरायला गेलेत. येतील." खरं काय ते तिने जिन्यात हळूच सांगितलं. रविवारी पहाटे आजोबा न्हाणीघरात कोसळले, दवाखान्यात आहेत, हृदय थकलंय, डॉक्टर काही धड बोलत नाहीत. "हिला कळू देऊ नका हं मावशी."

"माझ्याकडून? छे." मावशी म्हणाल्या. अशा बाबतीत त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं कोण होतं?

त्याच सुमाराला मावशींचं एक भांडण सुरू झालं. गॅलरीतल्या कुंडीतला गुलाब पिवळा पडायला लागला. मातीत बोट घातलं तर नुसता चिखल. मावशींनी लगेच गुन्हेगार ठरवला: वरच्या मजल्यावरची शिलाईवाली. ती गॅलरी धुते आणि पाणी खाली सोडते.

"अहो, माझी गॅलरी धुऊन महिना झाला," शिलाईवाली वरून म्हणाली.

"ते दिसतंयच तुमच्या गॅलरीकडे बघून. मग पाणी काय आभाळातून येतं?"

"तुमच्याच घरातून येत असेल. स्वतःचं बघा आधी."

दोघींचं बोलणं बंद. जिन्यात भेटल्या की एक भिंतीकडे बघायची, दुसरी कठड्याकडे. तीन आठवडे इमारतीची चांगली करमणूक झाली.

आणि एका गुरुवारी संध्याकाळी बटणची आई आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली. चेहरा ओढलेला. मुलगी आदल्या दिवशीपासून लघवीला जाताना रडत होती. डॉक्टरांनी तपासून विचारलं होतं, ही पाणी किती पिते?

"मावशी, तुम्ही हिला पाणी देत नाही का?"

मावशींच्या डोक्यात सणक गेली. "मी? दिवसातून सहा वेळा रांग लावते. तिचा पेला मी स्वतः भरते."

"मग जातं कुठे ते? घरीही ती पीत नाही. दूध म्हणाल तेवढं पिते, पाणी दाखवलं की तोंड घट्ट. इथूनच काहीतरी शिकून आलीये. उद्याचा आणि परवाचा दिवस बघते, मावशी. नाही जमलं तर सोमवारपासून दुसरीकडे घालते. मला एकाच वेळी दोन-दोन आजारी माणसं नाही झेपत." शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं आणि तिने घाईने मुलीकडे बघितलं. मुलगी बुटाचा पट्टा लावत होती.

त्या गेल्यावर मावशी कितीतरी वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पेले ओळीने पालथे घातलेले होते. पलीकडे उघडं दार, गॅलरी, पिवळा गुलाब. कुंडीची कड बरोबर साडेचार वर्षांच्या पोरीच्या छातीला लागेल एवढ्या उंचीची.

शुक्रवारी बाकीची पोरं झोपल्यावर त्यांनी बटणला गॅलरीत नेलं, आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

"हे झाड तू बुडवलंस ना?"

बटणने हो म्हणून मान डोलावली.

"का गं राणी? पाणी कडू लागतं?"

"नाही."

"मग?"

बटणने कुंडीतला एक खडा उचलून दुसरीकडे ठेवला. "आपण पाणी प्यायला गेलो की ते जातात."

"कोण?"

"सगळे. बदकाची आई. जहाजवाले बाबा. दिवेवाले अस्वल आजोबा. आपण बसलेलो असतो तोपर्यंत असतात. पाणी पिऊन आलं की नसतात." मग मावशींना नीट समजावं म्हणून, "दूध चालतं. दुधाला कुणी जात नाही."

मावशींचा हात गुडघ्यावरच राहिला.

"आणि आजोबा फिरायला गेले नाहीयेत," बटण म्हणाली. "त्यांचा चष्मा खिडकीत आहे. त्यांना चष्म्याशिवाय जिना दिसत नाही. पण मी पाणी पीत नाहीये, म्हणजे ते अजून असतील."

मावशींना आठवत होता दवाखान्याचा एक लांब व्हरांडा आणि हातातली रिकामी बाटली. यजमान झोपले होते. पाणी भरून आणते, म्हणून त्या खाली गेल्या, नळाला रांग होती, त्या वर आल्या तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला. पुढे कळलं की डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, आजचा दिवस कठीण. थोरल्या दिरांना माहीत होतं, जावेला माहीत होतं. मावशींना कुणी सांगितलं नाही. तिला म्हणे सोसायचं नाही, उगाच आधीपासून रडेल. त्यांचीही तेवढी चार मिनिटं कुणीतरी पुढे पळवली होती.

"आमचे हे, म्हणजे तुमचे काका, गेले ना," मावशी म्हणाल्या, "तेव्हा मी पाणी भरायलाच गेले होते."

बटणचे डोळे मोठे झाले. "बघा."

"अगं पण पाण्यामुळे नाही गेले ते. मी तिथे बसून राहिले असते तरी जाणार होते. त्यांचं आजारपण मोठं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच."

"का नाही सांगितलं?"

"मला वाईट वाटेल म्हणून."

"मग वाईट नाही वाटलं?"

मावशींनी नाक पदराला पुसलं. "वकिलाच्या शेजारी बसून बसून तुलाही गुण लागला हो. वाटलं. दुप्पट वाटलं."

मग मावशी उठल्या आणि त्यांनी औषधांच्या दुकानात फोन लावून सांगितलं, पोरीला खरं काय ते सांगून टाका.

"मावशी, एवढ्याशा पोरीला काय कळणार?" पलीकडून आई म्हणाली.

"तिला माहीत नाही म्हणून ती गप्प बसली असती तर गोष्ट वेगळी. तिने स्वतःचं रचलंय बाई. तुमच्या वडिलांना जिवंत ठेवायची नोकरी तिने अंगावर घेतलीये, आणि ती तहानेने करतेय. उद्या दुपारी अर्धा दिवस सुट्टी काढा आणि इथे या."

शनिवारी मावशींनी पुन्हा तोच दिवेवाल्या अस्वल आजोबांचा सिनेमा लावला. समुद्राकाठचा उंच मनोरा, त्यात म्हातारं अस्वल रोज दिवा लावतं, नातू काजळी पुसतो. बटणची आई मागे खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. अडतिसावं मिनिट आलं. सवयीने जुळ्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा," मावशी म्हणाल्या. "आज बघूया." रिमोट त्यांनी उशीखाली घातला आणि त्या उशीवर स्वतः बसल्या.

म्हातारं अस्वल पलंगावर होतं. त्याने नातवाला आगपेटी कुठे असते ते सांगितलं, खिडकीकडे बघितलं आणि डोळे मिटले. नातू बराच वेळ त्याची पाठ थोपटत राहिला. मग खाली जाऊन शेजाऱ्यांना घेऊन आला. इतकंच होतं. चार मिनिटांचंसुद्धा नव्हतं, साडेतीन.

वकील म्हणाला, "पण त्यांची टोपी आता कुणाची?"

"नातवाची," जुळी म्हणाली.

"त्याला मोठी होईल."

"मग तो मोठा होईपर्यंत खुंटीवर."

दुसरी जुळी रडायला लागली, आणि बहीण रडते म्हणून पहिलीही. मावशींनी दोघींना दोन बाजूंना ओढून घेतलं. त्यांचं स्वतःचंही काही फार बरं चाललं नव्हतं.

बटण मात्र मागे वळून आईकडे बघत होती. "आजोबा कुठे आहेत?"

आईने मावशींकडे पाहिलं. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. अशा वेळी दुसरीकडे बघावं एवढं त्यांना कळत होतं.

"दवाखान्यात," आई म्हणाली. "खूप आजारी आहेत. बरे होतील का ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मलाही नाही."

बटणने यावर नीट विचार केला. "मग चष्मा नाही नेला त्यांचा?"

तीन आठवड्यांत ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्यांना तिथलं घड्याळ दिसत नसेल," बटण म्हणाली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, तिचा पिवळा पेला भरून घेऊन आली आणि सगळ्यांदेखत, पडद्यावर नजर ठेवून, तळाशी थेंब न ठेवता प्यायली. पडद्यावर नातू दिवा लावत होता. कुणी कुठे गेलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने चष्मा स्वतः नेला, रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांत. आजोबांनी तो लावला आणि म्हणे पहिलं वाक्य बोलले ते असं की या दवाखान्याचं घड्याळ मावशींच्या घड्याळापेक्षाही मागे आहे. गुलाब काही वाचला नाही. मावशी शिलाईवालीकडे ओशाळ्या तोंडाने गेल्या. तिने आत बोलावलं, चहा दिला आणि वर दोन टोमणे दिले, ते मावशींनी मुकाट्याने घेतले.

आजोबा आणखी दोन महिने होते. घरी आले, खिडकीत बसले, बटणला भिंगातून घड्याळाचं पोट दाखवलं. मग एका दुपारी गेले, आणि बटण तेव्हा त्याच खोलीत, खाली जमिनीवर चित्र रंगवत होती.

पुढच्याच शनिवारी ती पाळणाघरात आली आणि म्हणाली, दिवेवाला सिनेमा लावा. मावशी नको-नको म्हणत होत्या, पण चौघांनी हट्ट धरला. छत्तीस मिनिटं झाली. सदतीस. मावशींनी आपला चष्मा काढून उगाचच पुसायला घेतला.

बटण सरकत त्यांच्याजवळ आली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मावशी, तुम्हाला हवं तर तुम्ही पाणी पिऊन या. मी नंतर सांगेन काय झालं ते."

मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सरक जरा, मला दिसत नाहीये."