बाण कुठल्या दिशेला?

पंपवाले पहिल्यांदा माझ्या लक्षात आले ते शाळेच्या जिन्यात. गच्चीवरचा पंप दुरुस्त करायला आले होते आणि मधल्याच पायरीवर बसून नळाचा सांधा न्याहाळत होते. सांधा ठणठणीत होता. दम यांनाच लागला होता. "नळ बघतोय, सर," म्हणाले. माणूस मानी आहे, हे तेव्हाच कळलं.

पुढे आम्ही शेजारी झालो, आणि त्यांचा दम वाढत गेला. तरुणपणीच्या सिगारेटींनी फुप्फुसं सैल करून टाकली होती. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागे. औषधं, व्यायाम सगळं करून झाल्यावर डॉक्टरबाईंनी फुप्फुसात झडपा बसवायचं सुचवलं. छातीला चीर न देता, तोंडावाटे नळी घालून. पंपवाल्यांनी विचाराला आठवडा मागून घेतला आणि पुढच्या भेटीला मला सोबत नेलं. वहिनी होत्याच.

डॉक्टरबाईंनी एक झडप त्यांच्या तळहातावर ठेवली. पेन्सिलीच्या टोकाएवढी. पंपवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्याजवळ नेली.

"हिच्यावर बाण कुठाय?"

"कसला बाण?"

"आमच्या झडपेवर असतो. पाणी कुणीकडे जायचं त्याचा. उलटी बसली की पंप बोंबलला."

बाई हसल्या. "ही हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही."

"मग उलटीच की! मला हवा पुरत नाही, आणि तुम्ही येणारी अडवणार?"

"अहो, त्यांना काय शिकवताय?" वहिनी म्हणाल्या. "हा तुमचा पंप नाही."

"छाती तर माझीच आहे ना?"

बाईंनी कागदावर फुप्फुस काढलं. खराब कप्प्यात शिरलेली हवा नीट निघत नाही; तो फुगतो आणि चांगल्या भागाला दाबतो. तो रिकामा झाला की चांगल्याला जागा मिळते. गणित सुटायच्या आधी मुलं पाटीवर बोट फिरवतात, तसं पंपवाल्यांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं.

"आणि दोन कप्प्यांमधली भिंत गळकी असली तर? हवा शेजारून येईल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेच आधी तपासतो. गळती असली तर बसवतच नाही." मग धोकाही सांगितला: पाचातल्या साधारण एकाची हवा फुप्फुसाबाहेर निसटते, छातीत नळी घालावी लागते, क्वचित जिवावरही बेततं.

"नाही जमलं तर झडप काढता येते?"

"बहुतेक वेळा येते."

काढता न येणारा भाग त्यांनी आयुष्यात कुठल्या पंपाला बसवला नव्हता. तरी बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, "तुझं काय मत?"

"माझं मत कधीपासून लागायला लागलं?" मग हळूच म्हणाल्या, "मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण असं बसून राहायची जास्त वाटते."

तपासणीत भिंत शाबूत निघाली. त्यांनी सही केली. चार झडपा बसल्या, आणि पाचातला तो एक नेमके हेच निघाले. बारा दिवस छातीत नळी घेऊन इस्पितळात गेले; मग गळती थांबली, झडपा राहिल्या.

हल्ली ते पंपदुरुस्तीचं दुकान दुपारपर्यंत उघडं ठेवतात. जड पंप सून उचलून देते. खोलतात ते स्वतः.