डब्यातला भार

भिवंडीत तेव्हा रूळ आलेले नव्हते. माल ट्रकने मुंबईला जाई, तेथील यार्डात हमाल तो उतरवून वॅगनमध्ये चढवत. ही दुहेरी हाताळणी टाळण्यासाठी रेल्वेने कंटेनर, म्हणजे मोठे लोखंडी डबे, आणले. डबा ट्रकवरून व्यापाऱ्याच्या गोदामाशी यायचा, तेथेच भरून मोहोरबंद व्हायचा आणि यार्डात क्रेनने उचलून न उघडताच वॅगनवर ठेवला जायचा. भिवंडीतील डबे भरून घेणे व त्यांना मोहोर लावणे हे माझे काम होते. मी तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. तीन महिन्यांनी कायम होणार होतो.

डबे भरायला मानकोलीकडच्या गावांतील दहा जणांची टोळी होती. शेती चार महिन्यांची. उरलेले वर्ष माल भरण्याच्या कामावर निघे. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, माझ्याहून दुप्पट वयाचा. ट्रक भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पहिला डबा आला तेव्हा टोळीने त्याची भरपूर थट्टा केली. एक जण म्हणाला, "घर बरा हाय, खिरकी तेवरी न्हाय." दुसऱ्याने मुकादमाला सुनावले, "दादा, आत डोला लागला तं दिल्लीला उठशील."

मुकादम हसला नाही. सुताच्या पेट्या जड होत्या आणि कोऱ्या कापडाच्या गाठी त्यामानाने हलक्या. तो माझ्याकडे आला.

"बाबूसाहेब, गाडीत आम्ही जड माल पुढं घेतो, केबिनीला लागून. याची रीत येगली हाय का?"

वेगळी होती. क्रेनने उचलायचा डबा दोन्ही टोकांना सारख्या वजनाचा हवा, असे इंग्रजी सूचनापत्रक माझ्या खणात होते आणि मी ते वाचलेही होते. पण दुपार टळत आली होती, ट्रकवाला खोळंबला होता आणि हमालाने मला कामाची रीत विचारावी हे मला रुचले नव्हते.

"गाडीसारखाच भरा," मी म्हणालो.

त्यांनी तसाच भरला. मी मोहोर लावली.

रस्त्यावर काही झाले नाही. यार्डात क्रेनने उचलताच डबा पुढे झुकला, आतला माल सरकला आणि एक साखळी सुटली. डबा कोपऱ्यावर आदळला. साखळ्या अडकवणाऱ्या खलाशाचा पाय गुडघ्याखाली चिरडला गेला. पुढे तो कापावा लागला.

चौकशी माझ्याच कार्यालयात झाली. अधिकाऱ्याने मुकादमाला उभे ठेवूनच विचारले, की भार एका टोकाला का घेतलास. त्याने आवाज न चढवता सांगितले, "मी इचारला व्हता. बाबूसाहेब बोलले, गाडीसारखाच भरा."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मुकादमाने पाहिले नाही. त्याला बहुधा उत्तराची खात्री होती.

"तसे म्हटल्याचे मला आठवत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य नोंदले गेले. सूचनापत्रक कार्यालयात उपलब्ध होते, हेही नोंदले गेले. ते इंग्रजीत होते व मुकादमाला मराठी अक्षरही येत नव्हते, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आठवड्याने टोळीचे काम बंद झाले. दहाही जण पितळी बिल्ले माझ्या टेबलावर ठेवून गेले. मुकादम शेवटी आला. काही बोलला असता तर मला सोपे झाले असते. मी ठरल्या वेळी कायम झालो.

काही वर्षांनी खारबावच्या बाजूने नव्या मार्गाचा भराव सुरू झाला. तेथे माल चढवण्याचा फलाट कोठे करता येईल हे पाहायला मला एका अभियंत्याबरोबर पाठवले. भरावावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांची रांग होती. तीत तो मुकादम होता. पाटी डोक्यावर, मान ताठ, पावले सावकाश. त्याने मला ओळखले.

भराव अरुंद होता. मी थांबलो. अभियंता पुढे निघून गेला होता. आता बोलावे, असे मनात आले. शब्दही जुळवले होते.

त्याने मागच्यांना सांगितले, "बाजूला व्हा रं. साहेबांना जाऊ द्या."

सगळे पाट्यांसह उतारावर उतरून उभे राहिले. त्यांच्या डोक्यांवर ओझे होते. त्यांना ताटकळत ठेवणे बरे नव्हते. मी पुढे गेलो.