मधला संथ तुकडा

शाळेतली पोरं त्याला नाकमुरडे सर म्हणत. नव्या मुख्याध्यापिका बाईंना कितीतरी दिवस ते त्याचं आडनावच वाटत होतं, आणि त्यानंही ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्याच्या लायकीचं या शाळेत काही आहे असं त्याला वाटत नसे.

बँडची खोली व्यायामशाळेच्या मागे होती. गाद्यांचा आंबूस वास, फरशीवर वाद्यांतून झटकलेल्या थुंकीचे डाग, आणि भिंतीला एक लोखंडी कपाट. त्यात वर्षानुवर्षांच्या धुनांचे कागद कोंबलेले. वार्षिक कार्यक्रम जवळ आला की तो त्या कपाटापुढे स्टूल टाकून बसे आणि एकेक धून काढून नाक मुरडे. ‘वादळातले घोडे’. ‘विजयाची पहाट’. ‘शूरांची वाट’. पाट्या वेगळ्या, आत माल तोच. आधी ड्रम कडाडणार, मग ट्रंपेटं किंचाळणार, मग शेवटाकडे सगळं एक सूर वर चढणार, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की आपण कुठंतरी पोचलो. उथळ पाण्याला खळखळाट फार.

आणि निवड तरी कसली? शाळेच्या बँडसाठी धून निवडायची म्हणजे आपल्याकडे काय नाही ते आधी बघायचं. कोण शाळा सोडून गेला, कुणाच्या दातांना तारा बसल्या, कुणाच्या क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी, ती रीड, फाटली, कुणाचा ओठ वरच्या सुराला दगा देतो. उरलेल्या चिंध्यांतून टोपी शिवायची. ती टोपी घालून पोरं मंचावर बसत, आईबाप टाळ्या पिटत, बाई म्हणत, “सर, यंदा काय दणका उडवलात!” तो मान तुकवायचा आणि मनात म्हणायचा, दणकाच कळणार तुम्हाला.

यंदा मात्र वहिनीचा फोन आला. “भाऊजी, आम्ही येतोय तुमच्या कार्यक्रमाला. यांनी स्वतःहून काढलं.”

त्याचा दादा मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदात जन्मभर व्हायोला वाजवून निवृत्त झाला होता. यानं शाळेची नोकरी धरली तेव्हा दादा एवढंच म्हणाला होता, “म्हणजे आता पोरांची नाकं पुसणार तू.” त्यानंतर तो कधी कार्यक्रमाला आला नाही. अलीकडे तर फोनवरसुद्धा येत नसे. बोलायची ती वहिनीच. याला वाटे, बरोबरच आहे, नाकं पुसणाऱ्याशी काय बोलायचं?

जगात एकच कान त्याला मान्य होता, तो दादाचा. दोघं लहान असताना हा क्लॅरिनेट फुंकून घर डोक्यावर घ्यायचा, तेव्हा दादा म्हणायचा, “मोठ्यानं कुणीही वाजवतो रे. हळू वाजवून दाखव.” ते दाखवायचं राहूनच गेलं होतं.

त्यानं कपाटाच्या तळातून एक संथ धून काढली. वर्षानुवर्षं हात न लागलेली. एकटी क्लॅरिनेट सुरू करते, खाली ट्यूबाचा भला मोठा पितळी भोंगा नुसता श्वास सोडल्यासारखा सूर धरून ठेवतो, बाकीचे एकेक करून आत येतात आणि कुणीही आवाज चढवत नाही. पोरांना झेपणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जलद धून पोरं धावत धावत उरकतात. संथ धुनेत लपायला जागा नसते.

“सर, यात काही होतच नाही,” ड्रमवाला म्हणाला. त्याला सगळे धडधड्या म्हणत.

“तुला कळेल असं काही होत नाही.”

“मग मी काय करू?”

“मोजत बस.”

“कुठपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“आणि मग वाजवू?”

“मग तर मुळीच वाजवू नकोस.”

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि भांडी आवरता आवरता म्हणाली, “अहो, पोरं आहेत ती. दादांची परीक्षा त्यांनी का द्यायची?”

“तुला त्यातलं काय कळतं?”

“त्यातलं नाही. तुमच्यातलं कळतं.”

त्यानं नाक मुरडलं.

मुख्याध्यापिका बाईंसाठी आधी ‘विजयाची पहाट’ आणि शेवटी ‘शूरांची वाट’ हा कवायतीचा मार्च ठेवला. पाहुणा येण्याआधी आणि गेल्यावर अंगणात पाणी मारतात तसं. तालीम फक्त मधल्या तुकड्याची. “हळू,” तो म्हणायचा. “अजून हळू. भिंतीला ऐकू जाता कामा नये.” पोरं कंटाळून रडकुंडीला आली. फक्त क्लॅरिनेटवाली टिकली. बेकरीवाल्याची मुलगी, घुमी, हट्टी. तिनं एकदाच विचारलं, “आता बरोबर आहे का सर?” तो म्हणाला, “चुकीचं नाही.” यापेक्षा मोठी शाबासकी त्यानं कुणालाच दिली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी ट्यूबा घासूनपुसून लख्ख केलेला होता. हात उचलताना त्याला दिसलं, ट्यूबाच्या फुगीर पितळी पोटात अख्खी पहिली रांग उमटली आहे. मधोमध दादा. पांढरे केस, हातावर हात.

‘विजयाची पहाट’ नेहमीसारखी फुटली. टाळ्या. मग संथ तुकडा. मोठमोठे हात हलवणाऱ्यांचा दादाला तिटकारा होता, म्हणून यानं हात छातीशी धरून बोटांनीच ताल दिला. क्लॅरिनेट सुरू झाली. तो ट्यूबात बघत होता. दादाचा चेहरा दगड. जरा वेळानं त्यानं छताकडे पाहिलं, मग वहिनीकडे वळून काहीतरी विचारलं. वहिनीनं त्याच्या हातावर थोपटलं. एवढं हळू, एवढं नितळ, तरी नाही? धडधड्या डोळे मिटून मोजत होता, त्याच्याकडूनही चूक झाली नाही. तुकडा संपला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि मार्च सुरू झाला तेव्हा पितळातलं ते पांढरं डोकं डोलायला लागलं. दादा गुडघ्यावर ताल धरत होता! ‘शूरांची वाट’वर! जन्मभर ज्या कानाला भिऊन जगलो तो हाच का, असं त्याला वाटलं, आणि त्या कानाचाही त्याला तिटकारा आला.

नंतर मंचामागे दादा आला. म्हातारा झाला होता. मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाला, “छान! शेवटचं एकदम छान! पण मधे का थांबला होतात रे एवढा वेळ? पोरं वाद्यं तोंडाला लावून बसलेली, तू नुसता उभा. काय बिघडलं होतं?”

वहिनी दादाच्या पाठीमागे उभी होती. तिनं आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवली. मग हलकेच म्हणाली, “जन्मभर त्या ट्रंपेटांच्या पुढ्यात बसले. बारीक काही उरलं नाही आता. कुणाला सांगू देत नाहीत.”

दादानं ते ऐकलं नाही. उत्तराची वाट बघत तो धाकट्या भावाकडे पाहत होता, जरा भेदरल्यासारखा, जणू उत्तर चुकीचं आलं तर त्याचंच काहीतरी उघडं पडेल.

क्लॅरिनेटवाली तिथंच आपल्या वाद्याची पेटी आवळत उभी होती. “आम्ही थांबलो नव्हतो,” ती म्हणाली.

नाकमुरडे सर दादाच्या कानाशी वाकले आणि ओरडले, “हिची रीड फाटली होती!”

“हां!” दादाचा चेहरा सैल पडला. “व्हायचंच. पोरं ती.”

मुलीनं सरांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं त्यांनी साऱ्या शाळेकडे पाहावं तसं, नेमकं तेवढंच नाक वर करून. मग पेटी उचलून निघून गेली.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तो तुकडा त्यानंही ऐकला नव्हता. तो ट्यूबात बघत होता. कसा झाला असेल? आठवायला गेलं तर पितळच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी खोलीत ती वाद्य परत ठेवायला आली. तो कपाटापुढच्या स्टुलावर होता. हातात कुठलीच धून नव्हती.

“कालचा मधला तुकडा एकदा वाजव,” तो म्हणाला. “फक्त सुरुवात. मला ऐकायचाय.”

तिनं पेटी खाली ठेवली, पेटीची कडी लावली.

“रीड फाटलीय, सर,” ती म्हणाली.