नॉर्वेची बाई मंडईत

मी झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. दिवाळी झाली, धान कापून झालं की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक पाहिजेच. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माती खणून बसायची जागा होते. होळीपर्यंत आम्हा कलाकारांना घर दिसत नाही. माझं ठरलेलं काम म्हणजे रडणारी बायको. नवऱ्यानं घराबाहेर काढायचं, मी पाया पडायचं, शेवटी त्यानं माफ करायचं. लोक रडतात, कंपनीचे मालक खूश होतात. मला मात्र त्या पाया पडण्याचा अगदी वीट आला होता.

अशात आमचे लेखक, तिरोड्याकडचे एक मास्तर, तालमीला नवं नाटक घेऊन आले. म्हणाले, "मूळ नॉर्वेचं आहे."

"नॉर्वे?" मालक म्हणाले. "बालाघाटच्या पुढं येते का गा?"

सगळे हसले, पण मास्तर काही हटले नाहीत. समजावायला बसले. म्हणाले, ती मंडळीही आधी आपल्यासारखीच राजे आणि वीर नाचवत होती, पद्यात बोलत होती. मग एकाला सुचलं, की खरं युद्ध तर घरातल्या बैठकीत चालू आहे. त्यानं राजा काढला आणि तिथे नवरा-बायको बसवले. शेजारच्या स्वीडनवाल्यानं तेच भांडण असं पेटवलं, की बघणाऱ्याला घाम फुटावा. आणि आताचे तर इतकं कमी बोलतात, की दोन माणसं नुसती समुद्राकडे बघत बसली तरी नाटक होतं. आपणही दंडारीच्या नाचगाण्यापासून निघून देवादिकांवर आलो, मग सामाजिक नाटकावर आलो, वाट काही वेगळी नाही. त्या बर्फातली नाटकं जपानात झाली, चीनमध्ये झाली, बंगालात झाली. "मग आपल्याच बांधीत काऊन नाही?" मास्तरांचा आवाज चढला होता.

गोष्ट साधी होती. नवऱ्याचा जीव वाचवायला बायको गुपचूप खोट्या सहीनं कर्ज काढायची चूक करते. ती उघडी पडते तेव्हा नवरा आधी आपली अब्रू बघतो, बायको नंतर. तेव्हा तिला कळतं की या घरात आपण शोभेची बाहुली होतो, आणि ती घर सोडून जाते. मास्तरांनी नवऱ्याला गोंदियाच्या राईस मिलचा मॅनेजर केलं होतं आणि नाताळाच्या जागी तुळशीचं लग्न घातलं होतं. वाचून झालं तशी मी उठून उभी राहिले. हे काम मी करणार म्हणजे करणारच, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"कर न," मालक म्हणाले, "पण शेवटी बाई परत आली पाहिजे. मंडईत बाईनं घर सोडलं तर पुढच्या वर्षी गाव बलावल का आपल्याले? पब्लिक को रुलाना पड़ता है, बाई."

माझं डोकं फिरलं. "परत आणलं तर या सीझननंतर तोंडाला रंग लावणार नाही," मी म्हटलं, आणि ती धमकी नव्हती. पाया पडणाऱ्या बायका करत म्हातारी होण्यापेक्षा चिचगडला भावाच्या शेतात धानाची रोवणी केलेली बरी! मास्तर समजूत काढायला लागले, की जर्मनीतही एका मोठ्या नटीनं लेखकाकडून शेवट बदलून घेतला होता. तिला पोरांना सोडून जाणारी आई करायची नव्हती. मी म्हटलं, "असेल कोणी रडकी!"

शेवटी तडजोड झाली. मी जायचं, लोक बिथरले तर मालक विंगेतून हात वर करतील, मग नवरा धावत येऊन मला परत नेईल, मी पाया पडेन आणि पडदा.

आता अडचण अशी, की आमच्या मंचावर दार नसतं. मागच्या पडद्यावर रंगवलेलं असतं तेवढंच. आणि विंगेत गेलेली बायको म्हणजे चहा आणायला गेली, हे आमच्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक. तिथून गेले असते तर लोक चहाची वाट बघत बसले असते. म्हणून ठरलं, की मी पायऱ्या उतरून सरळ बायकांच्या बाजूनं बाहेर जायचं.

पहिला प्रयोग सौंदडजवळच्या एका गावात होता. शेवटच्या प्रवेशात मी गळ्यातलं मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. मग पुरुषांकडून कोणीतरी ओरडलं, "हे काय लावलं गा?" बघता बघता गलका झाला. मी पायऱ्या उतरले. मागे वळून पाहिलं तर मालकांचा हात वर! संपलं, मला वाटलं.

बायका गुडघे आवरून मला वाट देत होत्या. मागून नवरा झालेला नट उडी मारून आला, "थांब! थांब!" करत. मी पुढे गेले तशी ती वाट मागे मिटत गेली. नऊवारीतली एक म्हातारी उठून त्याच्यासमोर उभीच राहिली.

"कुठं चाललास रे?"

"सरक न मावशे," तो काकुळतीला आला. "नाटकात आहे तसं. तिले परत न्यायचं आहे."

"घरून तर कोणी जाऊ देत नाही," म्हातारी म्हणाली, "नाटकात तरी जाऊ दे तिले!"

एक उठली, दुसरी उठली. सगळी बायकांची बाजू उभी राहिली. बिचाऱ्याला पुढे येता येईना, मागे जाता येईना. ऑर्गनवाल्यानं हात काढून घेतला. मी चालत राहिले. मांडवाबाहेर धानाच्या धसकटांत उभी राहून मी हसत होते आणि रडतही होते, आणि आत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाप रे! पडदा माझ्याशिवाय पडला.

मालक धापा टाकत आले. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांच्यामागे गावचे आयोजक होते, पुढच्या मंडईचं नाटक आजच पक्कं करा म्हणत.

"उद्याच्या गावीही अशीच जाशील न?" मालकांनी विचारलं.

"जाते. पण तुम्ही हात वर करायचा नाही."

"वा! हात तर करीनच. आता त्याच्यातच मजा आहे."

ते करतात बापडे. नवरा रोज धावत येतो, रोज जीव तोडून हाक मारतो. आजपर्यंत एकाही गावात बायांनी त्याला माझ्यापर्यंत पोचू दिलेलं नाही.