गोदूबायला भुईवर घेतलं

आमच्या आश्रमात झोप सोडून सगळं मिळत असे. दोन वेळचं जेवण, दसऱ्याला लुगडं, आजारपणात डॉक्टर आणि प्रत्येकीला एक लोखंडी पलंग. हे पलंग मुंबईच्या कुणा शेठजींनी आईच्या नावाने दिलेले. व्यवस्थापक दिनानाथरावांना त्यांचं कौतुक पोटच्या पोरांपेक्षा जास्त. अलिबागेबाहेरचा हा निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम. साल असेल अठ्ठावन्न-एकोणसाठ. मी तिथे स्वयंपाकाला होते.

गोदूबाय न्हावा-शेव्याकडची आगरीण. जन्म मिठागरात गेला. दिवसभर मीठ ओढायचं आणि बांधावरच्या झोपडीत, चोपून कडक केलेल्या भुईवर अंग टाकायचं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. पुतण्याने आणून सोडलं ते पुन्हा तोंड दाखवलं नाही. पलंगाच्या जाळीत ती झोळीतल्या पोरासारखी बुडायची. कंबर धरायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. चौथ्या रात्री गोधडी घेऊन ती खाली उतरली आणि गाढ झोपली.

सकाळी शेजारच्या पलंगावरच्या वेणूबाईने डोळे उघडले आणि गळाच काढला, "गेली गो, नवी बाय गेली!"

तिचं तरी काय चुकलं? आपल्यात माणसाला भुईवर कधी घेतात? जीव जायची वेळ आली की. पलंगावर प्राण सोडू देत नाहीत. सगळ्या रडत उठल्या, एकीने तुळशीचं पान आणलं. तेवढ्यात गोदूबाय उठून बसली, तर दोघी किंचाळल्या.

दिनानाथराव तापले. "पुन्हा खाली दिसलात तर घरी पाठवीन!" घर होतं कुठे? बायकाही त्यांच्याच बाजूच्या. खाली कुणी निजलं की त्यांना यम दारात दिसायचा, मग त्यांची झोप उडायची.

गोदूबाय रात्रभर पलंगावर पाय सोडून बसून राहू लागली. डॉक्टरांनी औषध दिलं. त्याने दिवसा झापड यायची, पण झोप काही यायची नाही. हातातून वाटी सुटायची. मला बघवेना. मी दिनानाथरावांना म्हटलं, "तिला माझ्या चुलीपाशी निजू द्या. तिथे कोण बघतंय?"

"आणि शेठजी पाहणीला आले तर?"

"शेठजी काय गोदूबायला पांघरूण घालायला येणार आहेत?"

पालथ्या घड्यावर पाणी. नियम तो नियम, आणि रिकामा पलंग म्हणजे म्हणे दात्याचा अपमान. असा संताप यायचा, की भाकरी थापताना परातीचा आवाज अंगणापर्यंत जायचा.

महिन्या-दीड महिन्यात ती सुक्या बोंबलासारखी झाली. एका दुपारी ताट घासता घासता मोरीपाशी कोसळली.

"आता खरंच गेली," म्हणत बायकांनी तिला उचलून आत आणलं. वेणूबाईने स्वतः जमीन सारवली, तिला भुईवर घेतलं, तोंडात तुळशीचं पान घातलं. दिनानाथरावांनी टोपी काढली. डॉक्टर आले, नाडी धरली, डोळ्यांची पापणी उचलून पाहिली.

"अहो, या झोपल्यात."

आणि गोदूबाय घोरू लागली. भुईवर घेतलेल्या माणसाला हात लावायची कुणाची छाती होईना. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा ती उठली, पान थुंकलं आणि म्हणाली, "चा हाय का गो?" चेहरा कसा धुतल्यासारखा! मला रडूच आलं. वाटलं, आता दगडालाही कळेल.

"देव पावला!" दिनानाथराव म्हणाले. "चला, आता यांना पलंगावर नीट निजवा."

मी पळी आपटली, तोंडाला येईल ते बोलले. ते हसत म्हणाले, "बाई, जिवंत माणसाला भुईवर कसं ठेवायचं?" चौघींनी तिला उचलून जाळीत ठेवलं.

चार-पाच दिवसांनी, संध्याकाळची जेवणं झाल्यावर, मी ताटं उचलत होते. गोदूबाय वेणूबाईच्या पलंगापाशी जाऊन उभी होती. डोळे पुन्हा लाल.

"येणू, आज पन मना खाली घ्या गो. दिनानाथाला सांग, गोदू मरते."

"असं खोटं मरण मागू न्हाय, बाय," वेणूबाई घाबरून म्हणाली. "खरं येतं."

"येऊ दे गो," गोदूबाय म्हणाली. "खाली तरी घ्याल."