अळणी एकादशी

ओआरएसची पुडी फाडली की संत्र्याचा तो खोटा वास नाकात शिरतो आणि आखातातलं लिवाचं वाळवंट समोर उभं राहतं. खलिफा सिटीतला माझा शेजारी, रत्नागिरीचा एक मित्र आणि मी, असे तिघे ते पायी ओलांडायला निघालो होतो. मुक्कामाच्या जागी गाडीने आधीच पाणी ठेवलेलं, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. मध्येच एकादशी आली. शेजारी ती अळणी करायचा. खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि नुसतं पाणी. चढावर वाळू प्रत्येक पाऊल मागे खेचत होती, शर्टांवर घामाचं मीठ पांढरं उमटलं होतं. दुपारी त्याचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. मित्राने ओआरएस कालवून पुढे धरलं, "अरे पी, प्रवासात आम्हालाही रोजा सोडायची मुभा असते." शेजारी तोंड पुसत म्हणाला, "त्यात मीठ आहे रे. उद्या सकाळी पितो, इन्शाल्ला," आणि पुन्हा साधं पाणीच घटाघटा प्यायला. ऊन कलताना तो असंबद्ध बोलू लागला, मग आकडी आली. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी भरपूर होतं, मीठच उरलं नव्हतं. फोनवर वहिनींनी रडता रडता विचारलं, "उपवास मोडला नाही ना त्यांचा?" मी नाही म्हटलं, तेवढ्याने त्यांना धीर आला. आता आजारपणात माझी मुलगी "टू सॉल्टी, बाबा" म्हणत ग्लास ढकलते, तेव्हा मी तिच्यावर नको इतका ओरडतो, आणि बायको मला अडवत नाही.